सत्कारानंतरची वर्षे

आपल्या भागातील एखाद्या मुलाने वा मुलीने पीएच.डी. संपादन केली की गावात सत्कार होतो. विहारात माणसे जमतात, शाल व पुष्पगुच्छ दिला जातो, स्थानिक वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी येते. हे सारे योग्यच आहे. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी सहीच्या जागी अंगठा उमटत होता, त्या घरातून विज्ञानाचा प्रबंध लिहिला जाणे ही साधी गोष्ट नव्हे. परंतु सत्कारानंतरच्या वर्षांविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. संस्थेच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा याच वर्षांविषयी लिहावे असे आम्हांस वाटले.

आम्ही या निवासी शाळेचे माजी विद्यार्थी आहोत. सध्या क्वांटम संगणन या विषयात पीएच.डी.नंतरचे संशोधन करीत आहोत. या कामाला ‘पोस्टडॉक’ म्हणतात. हे नाव गावी कोणाला सांगितले तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टर झाला म्हणता, मग नोकरी कुठी लागली?’’ कायमची नोकरी नाही, मुदतीचे संशोधन करतो, असे सांगितले की मामा वा मावशी काळजीच्या सुरात म्हणतात, ‘‘म्हणजे अजून शिकूनच राह्यला का बाबू?’’ या प्रश्नात आपुलकी असते, याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्या प्रश्नामागे एक समजूतही असते, की पदवी मिळाली म्हणजे प्रवास संपला आणि आता केवळ नोकरीची वाट पाहणे उरले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पीएच.डी.नंतरची तीन ते सहा वर्षे ही वाट पाहण्याची नव्हेत, कामाची आहेत. बहुधा संशोधकाच्या आयुष्यातील सर्वांत कसदार कामाची. आणि आमच्या पाहण्यात आपल्या समाजातील जी बुद्धिमान मुले संशोधनाच्या वाटेवरून माघारी फिरली, त्यांतील बहुतेक जण नेमक्या याच वर्षांत फिरले. बुद्धी होती, चिकाटीही होती. पाठीशी कोणी नव्हते. समाजाने पदवीचा गौरव करावा, तसाच पदवीनंतरच्या या काळाचा भारही थोडा उचलावा, एवढे या लेखातून मागायचे आहे.

आधी हे काम काय असते ते सांगितले पाहिजे. साध्या संगणकात माहितीचा सर्वांत लहान घटक असतो बिट. तो ० असतो किंवा १. क्वांटम संगणकातील घटकाला क्यूबिट म्हणतात. मोजमाप होईपर्यंत तो ० आणि १ या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. मोजले की मात्र हाती ० किंवा १ एवढेच लागते. त्यामुळे हा संगणक सर्व उत्तरे एकदम देतो, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. विहिरीत दोन खडे टाकले असता तरंग कोठे एकमेकांना उंचावतात, कोठे एकमेकांना पुसतात. त्याचप्रमाणे चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना पुसून टाकतील आणि योग्य उत्तराची शक्यता वाढेल, अशी क्रियांची मांडणी करावी लागते. काही मोजक्या प्रश्नांसाठीच अशी मांडणी आजवर साधली आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची रीत दाखवली. आज बँकांचे व्यवहार ज्या गुप्तलेखनावर विसंबून आहेत, त्यातील एका प्रमुख प्रकाराला तिने आव्हान दिले. १९९६ मध्ये आयआयटी दिल्लीत शिकलेले लव ग्रोव्हर यांनी अमेरिकेत काम करताना शोध घेण्याची जलद रीत दिली. ती आज जगभर त्यांच्याच नावाने शिकवली जाते.

कागदावरची ही रीत यंत्रात उतरवणे हे खरे कष्टाचे काम. क्यूबिट घडवण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांतील एका प्रमुख मार्गात ॲल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये त्याच्याच ऑक्साइडचा काही अणूंच्या जाडीचा पडदा ठेवलेला असतो. ही रचना हेलियमच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतकात ठेवून उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागापर्यंत थंड करावी लागते. अवकाशाची पोकळीही याहून उबदार असते. एवढे करूनही अशा क्यूबिटची नाजूक अवस्था साधारणतः सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाएवढीच टिकते. तेवढ्यात सारी क्रिया उरकायची.

या यंत्राजवळ बसणाऱ्या संशोधकाचा महिना कसा जातो? शीतक थंड होण्यातच एक-दोन दिवस जातात. थंड झाल्यावर एखादी जोडणी सैल असल्याचे आढळले, तर सारे यंत्र पुन्हा सामान्य तापमानाला आणून उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा थंड करायचे, आठवडा संपतो. मोजमापे रात्रभर चालतात. दिवसा त्यांचे विश्लेषण करणारी आज्ञावली लिहायची, नव्या विद्यार्थ्यांना यंत्र हाताळायला शिकवायचे, निबंध लिहायचा, परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तरे द्यायची. आणि याच वेळी पुढच्या जागेसाठी अर्जही करीत राहायचे. कित्येकदा सहा-आठ महिन्यांच्या कष्टांनंतर ‘हा मार्ग चालत नाही’ एवढेच कळते. तेही ज्ञानच असते. पण ते घरी सांगता येत नाही.

लांबचे उदाहरण कशाला? लोणार आपल्याच जिल्ह्यात आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या विवराची नोंद केली. ते ज्वालामुखीमुळे झाले की उल्केच्या आघातामुळे, हा वाद त्यानंतर कितीतरी काळ चालला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तेथे वेधनछिद्रे घेतली, खडकांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच त्यांत दाखवून दिली. तो निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंद आणि निर्णय यांत दीडशे वर्षांचे अंतर पडले. त्या दीडशे वर्षांत ज्यांनी नकाशे काढले, पाणी तपासले, दगड गोळा केले, त्यांच्यापैकी कोणाचेच काम रिकामे गेले नाही. आज आपण शाळेच्या सहलीत मुलांना ‘हे उल्कापाताने झाले’ असे एका वाक्यात सांगतो. त्या एका वाक्याची किंमत अशी असते.

पीएच.डी.नंतरचा संशोधक हा अर्धवट विद्यार्थी असतो, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण. २०२५ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना मिळाला. हातात धरता येईल एवढ्या विद्युत्मंडलातही क्वांटमचे नियम दिसतात, हे त्यांनी १९८४-८५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे प्रयोगाने सिद्ध केले. वर सांगितलेला अतिवाहक क्यूबिट याच पायावर उभा आहे. त्या वेळी क्लार्क प्राध्यापक होते, मार्टिनिस पीएच.डी.चे विद्यार्थी होते, आणि देवोरे पोस्टडॉक होते. मुदतीच्या नेमणुकीत केलेल्या कामाला चाळीस वर्षांनी जगातील सर्वोच्च मान मिळाला.

हे काम आता परदेशापुरते राहिलेले नाही. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी त्याचा खर्च ६,००३.६५ कोटी रुपये ठरला आहे, आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी सहा क्यूबिटच्या प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. क्यूबिटची रचना मुंबईची, नियंत्रणाची व मोजमापाची यंत्रणा पुण्याची, आणि दूरवरून तो चालवता यावा यासाठीची व्यवस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. हे काम कुलाब्यात झाले. मलकापूर वा शेगाव स्थानकावर रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी ज्या शहरात उतरतो, त्याच शहरात. अंतर राहिले आहे ते रेल्वेचे नव्हे.

मग अंतर कशाचे? ते पैशाचे आणि वेळेचे आहे. सरकारी प्रकल्पांतील रिसर्च असोसिएट या पदाला १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार अनुभवाप्रमाणे दरमहा ५८ ते ६७ हजार रुपये आणि घरभाडे मिळते. आपल्या गावाच्या मानाने ही रक्कम लहान नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नेमणूक एक-दोन वर्षांची असते. निवृत्तिवेतन नसते, बढती नसते. प्रकल्पाचा निधी उशिरा आला की मानधनही उशिरा येते. तोपर्यंत मुंबई-पुण्याचे घरभाडे थांबत नाही. एक नेमणूक संपून दुसरी सुरू होईपर्यंत तीन महिने, कधी सहा महिने काहीच हाती नसते. वय तोवर तिशी ओलांडलेले असते. धाकट्या बहिणीचे शिक्षण, वडिलांचे आजारपण, घराचे अर्धवट बांधकाम या गोष्टी कोणत्याही नेमणूकपत्राची वाट पाहत नाहीत.

ज्याच्या घरी दुसरा पगार आहे, ओलिताची शेती आहे, शहरात स्वतःचे घर आहे, तो हे सहा महिने सहज काढतो. ज्याचे आईवडील सोयाबीनच्या सोंगणीला आणि कपाशीच्या वेचणीला मजुरीने जातात, त्याला ते काढता येत नाहीत. तो समोर येईल ती पहिली नोकरी पत्करतो. लोक म्हणतात, त्याने संशोधन सोडले. आमच्या मते त्याला सोडावे लागले. या दोन वाक्यांतील फरक समाजाने समजून घेतला पाहिजे.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, अभ्यास सुरू केला; आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तो अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२३ मध्ये त्यांना डी.एससी. मिळाली. आपण ही कथा जयंतीच्या भाषणांतून त्यांच्या जिद्दीची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. परंतु त्यात आणखी एक धडा आहे. असामान्य बुद्धीच्या माणसाचाही अभ्यास पैशाअभावी तीन वर्षे खंडित झाला होता, आणि तो पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यामागे इतरांनी योग्य वेळी दिलेला हात होता. जिद्द विद्यार्थ्याने आणावी; हात कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे येतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. समाजाला अधिकारी हवेत, वकील हवेत, डॉक्टर हवेत; शून्याजवळच्या तापमानात क्यूबिट मोजून गावाचे काय भले होणार? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तहसील कार्यालयात आपला माणूस असणे म्हणजे काय, हे ज्याने फेऱ्या मारल्या आहेत त्यालाच कळते. ज्या मुलाच्या पगारावर घर उभे राहायचे आहे, त्याने स्पर्धा परीक्षेची वाट धरली तर त्यात गौण असे काही नाही. पण एखादा समाज केवळ दिलेली व्यवस्था राबवणारी माणसे घडवील आणि नवे ज्ञान निर्माण करणारी घडवणार नाही, तर त्याचे स्थान नेहमी दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत राहील. पुढच्या पन्नास वर्षांतील संगणक, गुप्तलेखन, औषधनिर्मिती यांच्या चौकटी आज प्रयोगशाळांत आखल्या जात आहेत.

शिवाय यात हक्काचाही प्रश्न गुंतलेला आहे. आरक्षित जागेपुढे ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून ती रिकामी ठेवली जाते, ही आपली जुनी तक्रार आहे. त्या शेऱ्याविरुद्ध कायद्याने आणि संघटनेने लढलेच पाहिजे. परंतु आयआयटीसारख्या संस्थेत पहिल्या श्रेणीच्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.नंतरचा किमान तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो, हेही लक्षात घ्यावे. ती तीन वर्षे ज्याला परवडली नाहीत, त्याचा अर्जच जात नाही. म्हणजे मुलाखतीच्या दालनात होणाऱ्या अन्यायाच्या आधीच, कोणाच्याही नजरेस न येता, उमेदवारांची संख्या घटलेली असते. आपण दारावर लढतो आहोत आणि वाटेवर माणसे गळत आहेत.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. क्वांटम या शब्दाभोवती सध्या बराच गाजावाजा आहे. नित्याच्या व्यवहारात साध्या संगणकाची जागा घेईल असे यंत्र आज कोठेही नाही. चुका हीच मोठी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून अनेक क्यूबिट मिळून एका क्यूबिटची माहिती जपतात, म्हणजे एखादा ढळला तर शेजाऱ्यांच्या आधाराने तो सावरता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्यूबिटच्या प्रक्रियकावर दाखवले, की असा समूह वाढवत नेला तर चुका कमी होत जातात. ही महत्त्वाची पायरी आहे. मुक्काम अजून दूर आहे. म्हणून प्रत्येक हुशार मुलाने याच विषयात यावे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला गणिताची गोडी आहे आणि अपयशाचे महिने सोसण्याची तयारी आहे, त्याने यावे. आणि मुक्काम गाठण्याआधी वाट सोडावी लागली तरी आज्ञावली लिहिणे, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी, अतिशीत तंत्र ही कौशल्ये वाया जात नाहीत.

आता मागणीकडे येतो. पहिली गोष्ट घरातील आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. संशोधन करणारा मुलगा वा मुलगी सणाला घरी आली की ‘पगार किती, कायम कधी होणार’ याऐवजी ‘या महिन्यात काय काम केलेस’ असे विचारावे. उत्तर पूर्ण कळले नाही तरी चालेल. मुलींच्या बाबतीत हे अधिक निकडीचे आहे. मुलाला ‘अजून दोन वर्षे’ मिळतात; मुलीला त्याच वयात लग्नासाठी घरी बोलावले जाते. तिची दोन वर्षे तितकीच मोलाची आहेत.

दुसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांची. आपल्यापैकी अनेक जण आज शिक्षक, परिचारिका, पोलीस, बँक कर्मचारी, अभियंते आहेत. दोनशे जणांनी दरमहा शंभर रुपये दिले तर वर्षाला २,४०,००० रुपये होतात. दोन नेमणुकांच्या मधल्या सहा महिन्यांसाठी एका संशोधकाला दरमहा ४० हजार रुपये त्यातून देता येतात. ही रक्कम दान म्हणून न देता बिनव्याजी द्यावी. स्थिर झाल्यावर त्याने ती परत करावी, म्हणजे पुढच्याच्या कामी येईल. निवड पारदर्शक असावी, हिशेब दरवर्षी सर्वांपुढे मांडावा. विहाराच्या बांधकामाला आणि जयंतीला आपण हात आखडता घेत नाही; त्याच हातातून एवढे सहज निघेल.

तिसरी गोष्ट शाळेची. प्रयोगशाळेची कपाटे कुलपात न राहता मुलांच्या हाताने उघडली जावीत. आठवीपासून प्रत्येक मुलाने विद्युत्मंडल स्वतः जोडावे, बिघडवावे आणि दुरुस्त करावे. दहावी-बारावीच्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाबरोबर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांची आणि त्यांच्या प्रवेश चाचणीची माहिती वेळेवर मिळावी. पुष्कळदा ही माहिती अर्जाची मुदत संपल्यानंतर पोहोचते. वर्षातून दोन दिवस शाळेत येऊन हे काम करण्यास आम्ही तयार आहोत, आणि संशोधनात असलेल्या इतर माजी विद्यार्थ्यांनीही तशी तयारी दाखवावी.

समाज आपल्या मुलांकडून अपेक्षा ठेवतो, तशी मुलांनीही समाजाकडून ठेवावी, यात गैर काही नाही. येत्या माजी विद्यार्थी मेळाव्यात या निधीचा विषय चर्चेला घ्यावा, अशी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आणि सर्व बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे. आमच्या वाट्याचे बारा महिन्यांचे बाराशे रुपये आम्ही त्याच दिवशी जमा करू.